भेवाची फी

फोन उचलल्यावर कुणी "हॅलो" म्हणतं, कुणी "बोला" म्हणतं. आमच्या मॅडम म्हणायच्या, "काई झालं तं नाई ना?"

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला तरी हेच. फी घेऊन जा म्हणून सांगायला केला तरी हेच. "काही नाही झालं मॅडम, पैसे न्या," म्हटलं की पलीकडून मोठा सुस्कारा यायचा, आणि त्याच्या मागोमाग, "पक्कं ना, भाऊ?" घाबरट माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण घाबरण्यावरच ज्यांचा धंदा उभा आहे, असं दुसरं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

तेलंगणात, आदिलाबादजवळ, गुडीहत्नूरच्या पुढे हायवेला लागून माझी लहानशी डाळ मिल आहे. कामाला पंचविसेक माणसं, त्यांत बायाच जास्त. वडिलांच्या काळात शनिवारी हातावर पैसे ठेवले की पगार झाला. माझ्या काळात पगारपत्रक आलं, पीएफ आला, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आला, आणि हे सगळं दर महिन्याला ठरलेल्या तारखेच्या आत कंप्युटरवर भरणं आलं. डाळीचा दाणा दाताखाली धरून त्यातला ओलावा मी सांगू शकतो. हे मला जमेना. माझ्यासारख्यांचं हे काम मॅडम करायच्या. बोथकडचा एक पेट्रोल पंप, इंद्रवेल्लीची एक शाळा, काही हॉटेलं, काही मिलवाले, अशी त्यांची गिऱ्हाइकं होती.

पन्नाशीच्या आसपासच्या, किरकोळ अंगाच्या. घरात शिकलेली ही पहिलीच पिढी. आईवडील दुसऱ्यांच्या वावरात राबलेले. आधी त्या एका जिनिंगच्या ऑफिसात क्लार्क होत्या. ते जिनिंग बंद पडलं तेव्हा आदिलाबादला बसस्टँडमागे एक खोली घेऊन त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, ती नागपूरला शिक्षिका. सकाळची बुद्धवंदना आटोपली की मॅडम हेल्मेट घालून स्कूटीवर निघायच्या आणि हायवेच्या अगदी कडेनं, जवळजवळ गवतातून, मिलपर्यंत यायच्या. मागून ट्रक आला की उतरून उभ्या राहायच्या. ट्रकवाले हसायचे. आमच्या बायाही हसायच्या. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं आमचा मुनीम त्यांच्या तोंडावर म्हणायचा, आणि मॅडम मान डोलवायच्या.

फीवरून आमचं दरवर्षी वाजायचं. माणशी शंभर रुपये महिना. नवं माणूस चढवायचे वेगळे, सोडून गेलेल्याचं पीएफ काढून द्यायचे वेगळे, आणि ऑफिसची नोटीस आली तर येण्याजाण्याचा खर्च वेगळा. एकदा हैदराबादच्या एका कंपनीचा मला फोन आला. ते निम्म्यात करायला तयार होते. मी ते मॅडमला मुद्दाम ऐकवलं.

त्या रागावल्या नाहीत. चहा बशीत ओतून म्हणाल्या, "करा ना, भाऊ. आकडे ते बी बरोबरच भरतीन. पन ते तुमच्यासाठी भेनार नाई."

"म्हणजे?"

"मी हिसाबाचे पैसे थोडेच घेते? हिसाब तं कंप्युटर करते. तुमी रात्री झोपता ना आरामात? मी झोपत नाई. त्याचे घेते."

मी हसलो आणि शंभरचे नव्वद करा म्हणालो. त्यांनी पंच्याण्णव केले.

आता ज्या गोष्टीमुळे पुढचं सगळं घडलं, ती सांगतो. आमच्या मिलमध्ये बदलीची रीत होती. एखाद्या बाईला माहेरी जायचं असलं, कुणाचं लग्न असलं, ताप आला, तर ती आपल्या जागी घरातली दुसरी बाई पाठवायची. जाऊ, नणंद, सून, कुणीही. हाजिरी मूळ बाईच्या नावावर लागायची, पगार तिच्या खात्यात जायचा, आणि त्यातलं कुणाला किती ते त्या घरी बघून घ्यायच्या. खाडा पडत नसे, मशीन थांबत नसे, कुणाची तक्रार नव्हती. वडिलांच्या वेळेपासून हे चालत आलेलं, त्यामुळे यात काही चुकीचं आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मॅडमला याचा सुगावा लागला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"भाऊ, हे बंद करा. विम्याचं कार्ड एकीचं अन् हात दुसरीचे. कवा काई झालं तं?"

"इतक्या वर्षांत झालं का?"

"म्हनूनच तं भेव वाटते."

मी बंद करतो म्हणालो आणि बंद केलं नाही. बायांनीच ऐकलं नसतं. मॅडम मिलमध्ये आल्या की चाळणीजवळच्या बायांचे चेहरे एकेक करून निरखायच्या आणि काही न बोलता हाजिरी घेऊन जायच्या. महिन्याच्या महिन्याला ती हाजिरी त्या तशीच चढवायच्या.

मग तो दिवस आला. आमच्याकडे अनसूया म्हणून जुनी कामगार होती. तिला भावाच्या घरी साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून तिनं धाकट्या जावेला, रेखाला, पाठवलं. रेखा आधीही बदलीला येऊन गेलेली. सकाळी अकराच्या सुमारास पट्ट्यात अडकलेलं पोत्याचं टोक काढायला तिनं हात घातला. मी ऑफिसात होतो. आधी किंकाळी आली, मग मशीन बंद झाल्याची शांतता.

उजवा हात होता. पुढचं सांगत नाही. माझ्याच गाडीत घालून आम्ही तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती रडली नाही, फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होती, "घरी सांगू नका." खरं सांगायचं तर तिच्या हाताइतकीच मला माझीही भीती वाटत होती. विम्यात नाव नसलेली बाई मशीनवर. मिलला सील लागेल, पोलीस येतील, वडिलांचं नाव पेपरात येईल. माणूस एका वेळी किती गोष्टींना भिऊ शकतो, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

दवाखान्यात मुनीमानं माझ्या कानात सांगितलं, "शेठ, अनसूयाचं कार्ड हाय. तिचंच नाव लिवू." तोवर अनसूयाही साखरपुडा सोडून धावत आली होती. तिनं स्वतःच कमरेची पिशवी उघडली. "माह्या नावानं लिवा. माही जाऊच हाये ते. कोन पाह्यते?" त्यात कपट नव्हतं हो. जावेवर जीव टाकणारी बाई होती ती. मला एकदम सुटल्यासारखं झालं. आता फक्त मॅडमनी तसा अपघाताचा रिपोर्ट भरायचा होता. मी फोन लावला.

"काई झालं तं नाई ना?"

"झालं, मॅडम," या वेळी मी म्हणालो. "दवाखान्यात या."

त्या आल्या तेव्हा हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. काढायचं भान नव्हतं. आमचा बेत सांगून झाला. त्यांनी ऐकलं, आणि मग आमच्याकडे न बघता सरळ रेखाच्या खाटेजवळ गेल्या.

"बाई, हात कोनाचा गेला?"

रेखानं डोळे उघडले. "माहा."

"मंग नाव कोनाचं लिवाचं?"

रेखानं जावेकडे पाहिलं.

"मॅडम, आता काऊन घोळ करून राह्यल्या?" मुनीम चिडला. "पैसा भेटला म्हनजे झालं."

"कोनाले भेटन?" मॅडमचा आवाज इतका कापत होता की मला तो ऐकवेना. "ह्या हाताची पेन्शन लागन, ते अनसूयाच्या खात्यात जाईन. आज ह्या जावा-जावा गोड हायेत. उद्या चुली वेगळ्या झाल्या तं? अन् अनसूयाबाई, तुमचे दोनी हात चांगले असून कागदावर तुमी थोट्या होसान. मंग कोनती मिल तुमाले कामावर घेईन?"

अनसूयानं कार्ड पुन्हा पिशवीत ठेवलं. मी मात्र मध्येच बोललो. "मॅडम, खरं लिहिलं तर मी आत जाईन ना."

"मले माईत नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले बी लय भेव वाटून राह्यलं." आणि तिथेच बाकावर बसून त्यांनी खरा रिपोर्ट लिहायला घेतला. रेखाचं नाव, रेखाचं वय, रेखाचा हात. नव्या माणसाची नोंद कामावर आल्यापासून दहा दिवसांत करता येते आणि पहिल्या दिवशी अपघात झाला तरी विमा लागू होतो, हे त्यांनी मला सांगितलं. पण रेखाचा तो पहिला दिवस नव्हता. तेही त्यांनी लिहिलं.

चौकशीला आम्हाला विम्याच्या ऑफिसात बोलावलं. अधिकारी तेलुगू होता, माणूस शांत. त्यानं मागचे सगळे महिने समोर काढले आणि हिंदीत विचारलं, ही हाजिरी कोणी चढवली? सही मालकाची, म्हणजे माझी. तोंड उघडायला हवं होतं, पण मी खाली बघत राहिलो.

"मैंने," मॅडम म्हणाल्या.

"बदली का मालूम था?"

"मालूम था."

त्यानं चष्मा काढला. "निजमा, अम्मा?" खरंच का, असं त्यानं पुन्हा विचारलं. मॅडमनी मान हलवली. टेबलाखाली त्यांनी पदराचं टोक मुठीत इतकं आवळून धरलं होतं की मुठीच्या शिरा दिसत होत्या.

शेवटी आभाळ कोसळलं नाही. मला मागची रक्कम, व्याज, दंड असं सगळं भरावं लागलं, त्यात एका मोसमाची कमाई गेली. मिल राहिली. रेखाची बोटं गेली, पण उपचार झाले, आणि बऱ्याच खेपांनंतर तिच्या स्वतःच्या नावानं, तिच्या स्वतःच्या खात्यात पेन्शन सुरू झाली. पुढे त्या दोघींच्या नवऱ्यांचं बिनसलं आणि त्या घरात खरोखरच दोन चुली झाल्या. रेखाचं त्या पेन्शनवर भागतं.

मॅडमचं मात्र नुकसान झालं. ही बाई साहेबापुढं स्वतःच कबुली देते, मग आपल्याला काय सोडणार, असं म्हणून गिऱ्हाइकं एकेक करून सुटली. कुणी हैदराबादची कंपनी धरली, कुणी भाच्याला बसवलं. मी राहिलो. पुढच्या वर्षी फीवरून वाजलं नाही. मीच शंभर दिले. त्या मिलमध्ये यायच्या, गवतातून यायच्या, चहा बशीत ओतायच्या. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला वाटलं, त्या विसरल्या असतील. अशा गोष्टी विसरलेल्याच बऱ्या, नाही का?

गेल्या उन्हाळ्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. मुलगी नागपूरहून आली. सगळं आटोपल्यावर खोली रिकामी करायची होती, म्हणून माझ्या मिलचे कागद न्यायला तिनं मला बोलावलं. मी गेलो तेव्हा ती खाटेखालून सामान ओढत होती. मला बसायला खुर्ची दिली आणि एक निळी पिशवी पुढे ठेवली.

"भाऊ, तुमाले काई माईत हाय का ह्याचं? तुमच्या मिलमधी ते हाताचं झालं ना, तवापासून आईनं हे बांधून ठिवली होती. मले हात लावू देत नव्हती. तीर्थाले जाचं असन म्हनून मी बी विचारलं नाई."

तिनं चेन उघडली. दोन सुती साड्या, घडी मोडलेली नाही. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. जुनी संपत आली की नवी घातलेली, म्हणजे वर्षानुवर्षं मॅडम ती बदलत होत्या. अंगाचा साबण, फणी, लोकरीचा स्वेटर, एक स्टीलचं ताट आणि पेला. आणि एका रुमालात बांधून, मुलीच्या फोन नंबराची चिठ्ठी, कुणालाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, तीन भाषांत लिहिलेली.

"कुठं जाचं होतं आईले?" मुलीनं विचारलं.

मी ते ताट हातात घेतलं.

"जेलात," मी म्हणालो.

ती हसली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून एकेक वस्तू पुन्हा त्या पिशवीत, होती तशी, भरायला लागली.