रनिंग बॅक मंद्याचा भाव

रविवारी दुपारी मैदानावरून घरी आले की माझ्या बुटांतून माती निघते आणि तोंडातून किस्से. नवरा म्हणतो, "आधी बूट बाहेर झटक, मग बोल." पण किस्से थोडेच दाराबाहेर झटकता येतात! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा येतो, आणि तोवर गॅसवरचं वरण खाली लागतं. म्हणून म्हटलं, आज सगळे एकदमच सांगून टाकू.

मी पार्ल्याच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी अमेरिकन फुटबॉलची रेफ्री असते. हो, तोच! लांबट बॉल, डोक्यावर हेल्मेट, आणि नावात फूट असून पाय फारसा लागतच नाही तो. अंधेरी, बोरीवली, मुलुंड आणि घाटकोपर अशा आमच्या चार हौशी टीम आहेत. बॉल पुढे न्यायचे दोन मार्ग. एकाने लांब फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा, नाहीतर काखेत दाबून सरळ गर्दीत घुसायचं. हा घुसणारा म्हणजे रनिंग बॅक. दरवर्षी आमचा ड्राफ्ट होतो, म्हणजे सगळे खेळाडू एका हॉलमध्ये बसतात आणि चारही कॅप्टन आळीपाळीने एकेकाचं नाव घेतात. ज्याचं नाव आधी, त्याला भाव जास्त.

आमचा सगळ्यात जुना रनिंग बॅक म्हणजे मंदार सावंत, ऊर्फ मंद्या. राहायला मुलुंडला, गाव मालवण, नोकरी लिफ्ट दुरुस्तीची, वय तिशीच्या पुढे. एके काळी ड्राफ्टमध्ये पहिलं नाव त्याचं यायचं. मग अमेरिकेत रनिंग बॅकचा भाव पडला. तिकडचे लोक म्हणायला लागले की हे धडका खाऊन लवकर झिजतात, ह्यांच्यावर पहिला नंबर घालवू नका, फेकणारे आणि झेलणारे घ्या. तिकडे पडला म्हणून इकडेही पडला! मंद्या दरवर्षी खाली खाली घसरत गेला. त्यात ह्या वर्षी कॅप्टन लोकांनी ठरवलं की टीम लहान करायच्या, म्हणजे काही जण घरीच बसणार.

मंद्याने मला सांगून टाकलं, "मॅडम, ह्या वेळी माझं नाव नाही आलं ना, तर आपला खेळ खलास. हेल्मेट माळ्यावर." बोलताना हसत होता, पण मी त्याला ओळखते. तो थट्टा करत नव्हता.

* * *

मंद्या मूळचा कबड्डीतला. चढाई करणारा. त्याच्या पहिल्याच मॅचमध्ये त्याच्या हातात बॉल दिला आणि सांगितलं, "समोर घुस!" मंद्या घुसला. असा घुसला की समोरचे नुसते बघत राहिले. एकाला खांदा लावला, दुसऱ्याला पाय, तिसऱ्याच्या हेल्मेटवर टपली मारली. पुढे मैदान मोकळं होतं. सरळ पळत सुटला असता तर समोरची शेवटची रेषा ओलांडून टचडाऊन नक्की होता.

पण मंद्या गर्रकन वळला आणि आला तसा जिवाच्या आकांताने आपल्या बाजूला पळत सुटला! मागून सगळी टीम ओरडतेय, "अरे उलटा कुठे चाललास?" ह्याचं लक्षच नाही. स्वतःच्या हद्दीत येऊन मातीवर लोळण घेतली, धापा टाकत तीन बोटं वर केली आणि मला म्हणाला,

"मॅडम, तीन आऊट!"

पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पहिलं आलं. कारण जाताना तर सोडाच, येतानाही त्याला कोणी धरू शकलं नव्हतं!

* * *

मंद्याचा भाव उतरवण्यात मोठा हात जिग्नेशचा. जिग्नेश घाटकोपर टीमचा कॅप्टन. माणूस सज्जन, पण रोज सकाळी चहाबरोबर अमेरिकन तज्ज्ञांचे व्हिडिओ बघतो आणि दिवसभर आम्हाला ते ऐकवतो. एका मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर सिद्धांत मांडला. "रनिंग बॅक म्हणजे ढोकळा. गरम आहे तोवर बेस्ट. दुसऱ्या दिवशी कोण विचारतं?"

सगळे हसले. मंद्या कोपऱ्यात बुटाची लेस बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "आणि तू रे कोण, खाकरा? वर्षभर डब्यात पडून राहिलास तरी कुरकुरतोच आहेस!"

त्यावर जिग्नेशच सगळ्यात जास्त हसला. पण त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मंद्याचं नाव अगदी शेवटच्या फेरीत आलं. इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून बिचारा ताटकळत बसला होता. एकेक जण उठून जात होता आणि त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. मला फार वाईट वाटलं. पण रेफ्रीने तसं दाखवायचं नसतं, म्हणून मी पाणी पीत राहिले.

* * *

ही बातमी मंद्याच्या आईला कळली. सावंतकाकू गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी मंद्याच्या फोनवरून थेट जिग्नेशला फोन लावला. "काय रे, माझ्या झिलाक शेवटाक कित्याक ठेवलंस?"

जिग्नेश घाबरला. नम्रपणे समजावायला लागला, "काकी, मंद्या चांगलाच आहे. पण आता अमेरिकेत कोणी रनिंग बॅकला आधी घेत नाही ना."

"अमेरिकेत लोक दुपारचे भात जेवतत?"

"नाही, काकी."

"जेवान झाल्यार निजतत?"

"नाही बहुतेक."

"मगे त्यांका काय कळता? त्यांचा कित्याक आयकतंस?"

जिग्नेश मला नंतर म्हणाला, "मॅडम, मी 'बरोबर आहे काकी' म्हणून फोन ठेवला यार!"

* * *

तरी जिग्नेशने हट्ट सोडला नाही. गेल्या सीझनला त्याने टीममध्ये एकही रनिंग बॅक ठेवला नाही. सगळे फेकणारे आणि झेलणारे. अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये हे चालतंही. पण आमचं मैदान मुंबईतलं. तिथे रविवारी सकाळी आमच्या मॅचमध्ये टेनिस बॉल क्रिकेटच्या निदान चार मॅच घुसलेल्या असतात. ह्यांचा कव्हर तो त्यांचा लाँगऑन, आणि आमची टचडाऊनची रेषा कोणाच्या तरी खेळपट्टीवरून जाते.

जिग्नेशच्या टीममधल्या एका पोराने झकास लांब पास फेकला. बॉल हवेत, खाली झेलायला त्यांचा गडी पळतोय. तेवढ्यात शेजारच्या मॅचमधल्या मिडऑफच्या माणसाने "माझा, माझा!" ओरडत उडी मारली आणि तो बॉल दोन्ही हातांत अलगद पकडला. पकडल्यावर लक्षात आलं की हा आपला नाही. पण तोवर त्याच्या टीमने त्याला खांद्यावर घेतलं होतं! समोरच्या टीमचा बॅट्समन मात्र क्रीज सोडायला तयार नाही. "मी मारलाच नाही तर आऊट कसा?" दोन्हीकडचे भांडत माझ्याकडे आले, कारण शिट्टी फक्त माझ्याकडे होती. मी बॅट्समनला नॉटआऊट दिलं आणि पास पुन्हा फेकायला लावला.

त्याच मॅचमध्ये पलीकडच्या टीमकडून मंद्या पळत होता. काखेत बॉल दाबून, एकेका खेळपट्टीला वळसा घालत, वाटेतल्या प्रत्येक विकेटकीपरला सांगत, "काका, लेगसाईडने जातोय हां!" आणि काका वाट देत होते. कोणाचा एक स्टंपसुद्धा पडला नाही. घाटकोपर सपाटून हरलं.

मी जिग्नेशला विचारलं, "आता तरी पटलं का?"

"मॅडम, दोष मैदानाचा आहे," तो म्हणाला. "थिअरी बरोबर आहे."

* * *

आता हरेश्वर कोळी. वेसाव्याचा. आई बाजारात मासळी विकते, मोठा भाऊ बोटीवर जातो, आणि हा आमच्याकडे मंद्याच्या पुढे उभा राहतो. त्याचं काम एकच. समोरच्यांना ढकलून मंद्यासाठी वाट करायची. अंगापिंडाने असा की दारातून आत आला तर आधी खोलीतला उजेड कमी होतो. स्वभाव मात्र लोण्यासारखा. ज्याला पाडेल त्याच्यापाशी थांबून विचारणार, "लागलं काय रे तुला?"

एकदा मी त्याच्याविरुद्ध फाऊल दिला. समोरच्याला हाताने धरून ठेवणं आमच्या खेळात चालत नाही, आणि ह्याने एका अंधेरीवाल्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. हरेश्वर गोंधळून गेला. "मॅडम, पडलेला तो. उचलू नको?" मी अंधेरीवाल्याकडे बघितलं. तो हरेश्वरच्या कडेवरूनच म्हणाला, "खरंय मॅडम. उचललंच त्याने."

फाऊल मागे घ्यावा लागला! मंद्या आणि हरेश्वर ह्यांच्यात बोलणं फारसं होत नाही. पण मंद्याने टचडाऊन केला की तो स्वतः नाचत नाही, परत येऊन बॉल हरेश्वरच्या हातात देतो. ते बघायला मला फार आवडतं.

* * *

ह्या वर्षी ड्राफ्टच्या आधी मंद्याने एक शेवटचा प्रयत्न केला. झेलणाऱ्यांना भाव आहे ना, मग आपण झेलणारा व्हायचं! महिनाभर तो सोसायटीच्या गच्चीवर सराव करत होता. मग चारही कॅप्टनना बोलावून त्याने ट्रायल दिली. लांब जाऊन उभा राहिला, बॉल आला, त्याने तो सुरेख झेलला. जिग्नेशनेसुद्धा टाळी वाजवली. समोर मैदान रिकामं, फक्त पळायचं होतं.

मंद्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग लांबवर पाच-सहा जण घोळका करून उभे होते, त्यांच्याकडे धावत गेला आणि त्यांच्यात जाऊन घुसला! त्यातले दोघे तर आमचे खेळाडूसुद्धा नव्हते, नीरा प्यायला थांबले होते.

मी कपाळाला हात लावला. "अरे मंद्या, मोकळं मैदान सोडून तिकडे कशाला गेलास?"

तो कपडे झटकत म्हणाला, "रिकाम्यात काय पळायचं, मॅडम? धरायला कोणी नाही तर मजा काय!"

कॅप्टन लोकांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. वाट लागली, हे मंद्यालाही कळलं.

* * *

आणि मग ड्राफ्ट. बोरीवलीच्या एका सोसायटीचा हॉल मिळाला होता. आमच्या आधी तिथे बारसं झालेलं, त्यामुळे भिंतीवर फुगे आणि स्टेजवर सजवलेला पाळणा तसाच. मी पाळण्याशेजारी माईक घेऊन उभी. मंद्या शेवटच्या रांगेत. मांडीवर पिशवी, पिशवीत हेल्मेट, आणि शेजारी सावंतकाकू, ठेवणीतली साडी नेसून. मंद्या नको म्हणत असतानाही त्या आल्या होत्या.

पहिली पाळी घाटकोपरची, कारण ते गेल्या वर्षी सगळ्यात खाली होते. जिग्नेश उठला. त्याने व्हिडिओ बघून ठरवलेलंच होतं की आता भाव आहे तो वाट करून देणाऱ्या धिप्पाड गड्यांना. "हरेश्वर कोळी!"

टाळ्या पडल्या. हरेश्वर स्टेजवर आला. जिग्नेशने टीमची टोपी पुढे केली. हरेश्वरने टोपीकडे बघितलं, हॉलमध्ये नजर फिरवली, आणि पायऱ्या उतरून सरळ शेवटच्या रांगेत गेला. मंद्याला मनगटाला धरून उठवलं. मंद्या म्हणतोय, "अरे सोड ना, काय करतोस!" सगळे वळून बघतायत. हरेश्वरने त्याला पाळण्यापाशी आणून स्वतःशेजारी उभं केलं आणि जिग्नेशला म्हणाला, "हा वाटा हाय. सुटा नाय मिळणार."

मासळीचा वाटा म्हणजे एकत्र विकायचा ढीग, त्यातला एकच मासा निवडून मिळत नाही. आयुष्यात मासळी बाजाराची पायरी न चढलेला जिग्नेश एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, हे नियमात बसतं?"

मी नियम आठवून बघितले. एका पाळीला दोघं घेऊ नयेत, असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. "बसतं," मी म्हणाले. माझा आवाज थोडा कापला, हे माईकमुळे सगळ्यांना कळलं.

मंद्या खाली मान घालून उभा होता, हरेश्वरने त्याचं मनगट सोडलं नव्हतं. शेवटी जिग्नेशने मान डोलावली, दुसरी टोपी उचलली, पण हातातच ठेवली. घाटकोपरचा माणूस, सौदा असा कसा सोडेल!

"ठीक आहे," तो म्हणाला. "पूर्ण वाटा घेतो. पण वर फुकट काय घालणार?"

हरेश्वर उत्तर शोधेपर्यंत शेवटच्या रांगेतून सावंतकाकू पदर खोचत उठल्या.

"वर मी येतंय!"