हं कोण म्हणणार?

प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकत असते. कोणी ती मुद्दाम भरत नाही. ती भरते. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या मंडळातल्या किस्स्यांचं माझ्याकडे तसंच झालं आहे. फरक एवढाच, की पिशव्या कामवाली बाई तरी मागून नेते.

मी तहसील कचेरीत क्लार्क होतो. निवृत्त झाल्यावर वाचायची म्हणून ठेवलेली सगळी पुस्तकं वाचून झाली आणि मग बायको गेली. क्रम उलटा असता तर निदान वाचायला काही उरलं असतं.

तेव्हा आमच्या कॉलनीत, म्हणजे नगरमध्ये, भालेराव सरांनी मंगळवारचं वाचन मंडळ काढलं. सोसायटीच्या ऑफिसमागची कॅरमची खोली सकाळी रिकामी असायची. सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांच्या पुण्यातल्या मुलीने घर बदलताना पुस्तकांचं एक खोकं त्यांच्याकडे पाठवून दिलं होतं. त्यात सगळी एकाच जातीची पुस्तकं निघाली. जुनेच राजे, जुनेच राक्षस, जुनेच शाप आणि जुन्याच सावत्र आया. फक्त आधीच्या गोष्टीत ज्याला तोंड उघडू दिलं नव्हतं, तो या पुस्तकात तीनशे पानं बोलतो.

मंडळात आम्ही चौघं. मी, सर, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आणि काष्टीच्या शेवंतामावशी. मावशींचा मुलगा एमआयडीसीत कामाला, म्हणून त्या इथे आलेल्या. 'डोळ्याला दिसत न्हाई' असं त्या सांगत. शंभर पावलांवरून भाजीवाल्याचा काटा त्यांना दिसत असे, पण आम्ही कधी चौकशी केली नाही.

पहिल्याच मंगळवारी सरांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि एक परिच्छेद वाचला. मावशींनी हात वर केला.

"थांबा सर. हं कोन म्हनतंय?"

"म्हणजे?"

"गोष्ट सांगताना कुनी तरी हं म्हनाया लागतं. त्याबिगर ती म्होरं कशी जाईल?"

सरांनी शिकवण्याच्या सुरात सांगितलं, की हे लिखित साहित्य आहे, हे मनातल्या मनात ग्रहण करायचं असतं.

"मंग मनातल्या मनात वाचा की," मावशी म्हणाल्या. "आमाला कशाला बोलावलंय?"

त्या दिवसापासून एकाने वाचायचं आणि एकाने हं म्हणायचं, असा मंडळाचा नियम झाला. तो एकच नियम.

*

मला ही भानगड नवी नव्हती. माझी बायको सुमन श्रावणात कहाणी वाचायची. कहाणीला ऐकणारा लागतोच, आणि घरात दुसरं कोणी नसल्याने तो मी. ती माझ्या एका हातात अक्षता द्यायची. दुसऱ्या हातात माझं वर्तमानपत्र. ती वाचायची, मी हं म्हणायचो. चांगली सोय होती.

एकदा वाचता वाचता ती त्याच लयीत म्हणाली, "मग राणी राजाला म्हणाली, राजा राजा, तू काल बाजारात गेलास, सगळं आणलंस, पण सांगूनसुद्धा कोथिंबीर विसरलास."

मी म्हणालो, "हं."

"मग राजा म्हणाला, चुकलो. आता रोज भांडी मी घाशीन."

मी म्हणालो, "हं."

अक्षता वाहून झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात नेऊन घासणी दाखवली.

*

मंडळातलं पहिलं पुस्तक एका राक्षसाचं आत्मवृत्त होतं. त्यात राक्षस मुळात हळवा, त्याचं बालपण वाईट, त्याच्याशी देव नीट वागले नाहीत. दुसऱ्या पुस्तकात देवांची बाजू होती. त्यांच्यावरही दबाव होता. तिसऱ्यात ज्यांनी मुळात शाप दिला त्या ऋषींचं मनोगत. त्यांना त्या दिवशी पित्त झालं होतं.

सुभेदार तिन्ही पुस्तकं ताठ बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे कोणाचीच चूक नाही?"

सर म्हणाले, "आधुनिक दृष्टी अशीच असते. सगळ्यांना समजून घ्यायचं."

"आमच्याकडे चौकशी बसायची तेव्हा असंच व्हायचं," सुभेदार म्हणाले. "शेवटी लंगरचा कुक दोषी निघायचा."

*

मग वनवासाला न गेलेल्या धाकट्या सुनेची कादंबरी आली. नवरा भावामागे रानात गेला, ही चौदा वर्षं राजवाड्यात मागे राहिली. लेखिकेने फार सुंदर भाषेत लिहिलं होतं, की तिने आपलं सगळं दुःख मौनात गुंडाळून ठेवलं आणि चौदा वर्षांत ओठातून एक शब्द काढला नाही.

त्या दिवशी हं म्हणायची पाळी मावशींची. त्यांनी हं म्हटलंच नाही. सर थांबले.

"घरात सासवा हुत्या न्हवं?" मावशींनी विचारलं.

"होत्या. तीन."

"तीन सासवा. आन् ही चौदा वर्सं गप?"

"असं लेखिकेचं म्हणणं आहे."

"मंग ती आमच्याकडची न्हाई," मावशी म्हणाल्या. "हं. वाचा म्होरं."

आम्ही सगळे हसलो. घरी येऊन मी कुलूप उघडलं, पंखा लावला, कालचा भात गरम केला. संध्याकाळी सिलिंडरवाला आला आणि त्याने नंबर विचारला. तो सांगताना माझा आवाज घोगरा निघाला, तेव्हा लक्षात आलं, की मंडळातून आल्यावर तोंडातून निघालेलं हे पहिलंच वाक्य. आणि तो मंगळवार होता. बुधवार ते सोमवार, 'आपण डायल केलेला नंबर व्यस्त आहे' म्हणणारी मोबाईलमधली बाई सोडली तर माझ्याशी बोलणारं कोणी नसे. तिची भाषा मात्र फार शुद्ध आहे.

*

सुभेदारांना हं म्हणता येत नसे. हं म्हणजे त्यांना ढिलेपणा वाटायचा. ते "आगे!" म्हणत.

राजकन्येच्या बोटाला सुई टोचली. "आगे!" राजकन्या शंभर वर्षांसाठी झोपली. "आगे!" या नव्या गोष्टीत राजपुत्र येतच नाही, ती आपली आपण उठते, आरशात बघते आणि रडते. इथे सर जरा गहिवरून थांबले.

"आगे!" सुभेदार म्हणाले. "रडून काय होणार? इतकी वर्षं झोपली, आधी दात घासू द्या तिला."

पुढच्या हिवाळ्यात सुभेदार सकाळी फिरायला जाऊन आले, खुर्चीत बसले आणि गेले. कॅन्टोन्मेंटमधून जवान आले, सगळं शिस्तीत झालं. त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही तिघं नेहमीसारखे जमलो. सरांनी वाचायला घेतलं. पानाच्या शेवटी ते सवयीने थांबले. पाळी सुभेदारांची होती.

कॉलनीतून भंगारवाला ओरडत गेला. मी चपलांकडे बघत होतो.

मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आगे."

*

सरांना त्यांच्या मुलीने पुण्याला नेलं. जाताना ते खोकं माझ्याकडे ठेवून गेले. तिकडे नातवाला गोष्टी वाचून दाखवीन, मंडळाची शाखाच काढीन, असं म्हणत होते. महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"शाखा कशी चाललीय?" मी विचारलं.

"नातू म्हणतो, आजोबा, थोडं फास्ट करता येईल का? त्याच्या टॅबमध्ये गोष्ट सांगणारा एक माणूस आहे. त्याचा वेग वाढवता येतो."

"मग तुम्ही काय करता?"

"मीही तेच ऐकतो. चांगलं सांगतो तो. त्याला हं लागत नाही. मी दोनदा चुकून म्हणालो, तर नातू बघायला लागला."

*

उरलो मी आणि मावशी. झुंबाच्या क्लासला खोली हवी होती, म्हणून एका मंगळवारी सोसायटीचे सेक्रेटरी आले. वयाने मावशींच्या मुलाएवढे असतील, पण चालताना तसं दिसू देत नाहीत.

"काका, दोन माणसांचं मंडळ होत नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही इथे नेमकं करता काय?"

"भाऊसाहेब वाचत्यात, मी हं म्हनते," मावशी म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच. बसा, तुमी म्हना आज. माझा घसा धरलाय."

सेक्रेटरी घड्याळ बघत कॅरमबोर्डाच्या कडेवर टेकले. मी जंगलातल्या चेटकिणीची गोष्ट वाचत होतो. चेटकीण म्हातारी झालेली, मुलं पळवायची ताकद उरलेली नाही, आता मुलंच येऊन तिच्या घराच्या भिंतीची बिस्किटं काढून नेतात आणि तिला बरं वाटतं. पहिल्या पानावर सेक्रेटरी 'ओके' म्हणत होते. दुसऱ्या पानावर हं म्हणायला लागले. तिसऱ्या पानावर त्यांचा मोबाईल वाजला, तो त्यांनी न बघता बंद केला आणि म्हणाले, "मग?"

गोष्ट संपल्यावर ते उठले. बराच वेळ पँटवरची कॅरमची पावडर झटकत राहिले. "बरं, हातातलं पुस्तक संपेपर्यंत खोली वापरा," म्हणाले आणि गेले.

दार लागल्याबरोबर मावशी माझ्याकडे झुकल्या.

"भाऊसाहेब, आता खोक्यातलं सगळ्यात जाडं काढा."

*

सगळ्यात जाडं निघालं ते विहीर राखणाऱ्या राक्षसाचं. एका राजकन्येने त्याला सांगितलेलं असतं, की मी परत येईपर्यंत ही विहीर राख. ती जाते. राक्षस बसून राहतो. पिढ्या जातात. गावात नळ येतात, विहिरीवर कोणी फिरकत नाही, राक्षसाला कोणी घाबरतही नाही. तो रोज कठडा झाडतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. लेखकाने यावर सहाशे पानं लिहिली होती. माझं मन त्यात जरा जास्तच गुंतलं होतं, म्हणून मी ते कोरड्या आवाजात वाचत असे.

"नळ आलं म्हनून कुनी येत न्हाई व्हय?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं नळ आलं, त्यात पानी कुटं आलं? त्या राक्षसाला म्हनावं, उन्हाळ्यापत्तोर दम धर. समदी येत्यात हंडं घेऊन."

निम्मं पुस्तक झालं असेल, तेव्हा काष्टीला मावशींची जाऊ गोठ्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. म्हशी कोण बघणार, म्हणून मावशी निघाल्या. जाण्याआधी मंगळवारी खोलीवर आल्या, पण बसल्या नाहीत.

"त्या राक्षसाला कुनी भेटलं का, ते तेवढं कळवा," म्हणाल्या.

सेक्रेटरींच्या शब्दाप्रमाणे खोली अजून माझीच होती, कारण पुस्तक संपलेलं नव्हतं. मी पुढच्या आठवड्यात किल्ली सेक्रेटरींना देऊन टाकली. ते म्हणाले, "अहो काका, घाई नाही." झुंबावाल्या मुली बाहेर चटया घेऊन उभ्या होत्या.

पुस्तक घरी आणलं. मनातल्या मनात वाचायला घेतलं तर तेच पान तीनदा वाचलं. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने सुरू केलं. परिच्छेद संपला आणि मी थांबलो. घर शांत. मी तसाच थांबून राहिलो. तेवढ्यात आमचा जुना फ्रिज घरघरला.

मी पुढचा परिच्छेद वाचला.

तीन-चार मंगळवार असे फ्रिजबरोबर काढले. श्रोता वाईट नव्हता. पण वीज गेली, की गोष्टीतून उठून जायचा.

*

मग एका मंगळवारी, नेहमीच्या वेळेला, मोबाईल वाजला.

"भाऊसाहेब, वाचा," मावशी म्हणाल्या.

"अहो, जाऊबाई कशा आहेत?"

"बरी हाय, पडल्या पडल्या शिव्या देतीया. वाचा तुमी. मी कानाला लावलाय."

मी पुस्तक आणलं, चष्मा लावला. पुढची पानं माझी वाचून झाली होती, तरी मावशींनी सोडलं होतं तिथूनच सुरू केलं. फ्रिजने ऐकलेलं मी धरलं नाही. परिच्छेद संपला. काष्टीहून स्पष्ट आवाज आला, "हं." मागे कोंबड्या ऐकू येत होत्या, कुठेतरी बादली आपटली. मी वाचत गेलो. राक्षसाने कठडा झाडला. हं. पाऊस लांबला. हं. दूर रस्त्यावर धूळ उठली आणि राक्षस उभा राहिला. हं.

मध्ये मावशींचा आवाज जरा जाड वाटला. गोठ्यात पहाटे उठून सर्दी झाली असेल, म्हणून मी काही बोललो नाही. एकदा 'हं'च्या ऐवजी 'बरं' आलं. तेही मी चालवून घेतलं. पान उलटताना सुमनची आठवण झाली. कोथिंबीर घालून बघावी असं क्षणभर मनात आलं, पण धूळ जवळ येत होती, तेव्हा थांबलो नाही.

मग प्रकरण संपलं. पुढच्या प्रकरणाआधी मी पाणी प्यायलो आणि विचारलं, "मावशी, दमलात का? पुढचं आता पुढच्या मंगळवारी घेऊ."

पलीकडे कोणी तरी घसा खाकरला. गडीमाणसाचा.

"मावशी मगाशीच गोठ्यात गेल्यात."

"मग आपण कोण?"

"मी टेम्पोवाला. चारा घेऊन आलोय मिरजगावाहून. पोरं उतरवत्यात. मावशींनी मोबाईल दिला हातात, म्हनल्या, नुस्तं हं म्हनत ऱ्हा, न्हाईतर म्हातारं थांबतंय."

मी पुस्तक मिटू लागलो.

"ओ, थांबू नका," तो म्हणाला. "त्या धुरळ्यात कोन आलंय ते तर सांगा. वाचा. गाडी खाली हुईस्तोवर हाय मी."