म्हशी कोणाच्या?

पारोळ्याजवळच्या एका गावात मी शिकवणी काढली. ती बंद पडली तर धुळ्याला सासऱ्यांच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपा फोडायच्या, असं घरी ठरलं होतं. म्हणून जीव तोडून शिकवायचो. वचन आणि षष्ठी एकत्रच घेतली.

"म्हैस?"

"म्हशी!"

"कोणाच्या?"

"नानांच्या!"

पोरांचा आवाज असा, की एरंडोलच्या स्टँडवरून सुटलेली एसटी जागेवर थांबायची. विहिरी कोणाच्या, ट्रॅक्टर कोणाचे, पोरं गावाची मालमत्ता ओरडून मोकळी होत होती. आणि गावात निम्म्यांची रेशनकार्डं पिवळी!

ज्यांच्या म्हशी, ते नानाच दारात उभे राहिले.

"सर, म्हशी कितल्या, कोन्या, तुमले काय करनं शे?"

"नाना, व्याकरण आहे हो."

"हाई कोनतं खातं शे?"

दुसऱ्या दिवशी पोरं घरून पढून आली. म्हशीचं अनेकवचन कोणालाच येईना. "कोणाची?" विचारलं की प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याच्या घराकडे. त्या दिवशी गावातली एकही विहीर कोणाची नव्हती, पाणी आपल्या मर्जीनं वर येत असावं. आठवडाभरात वर्ग ओसाड. बायकोचा फोन आला, "बाबांनी तुमच्यासाठी स्टूल आणलंय."

मग मी स्वतःचीच मालमत्ता फळ्यावर काढली. उरलेल्या दोन पोरांकडून गाव दणाणेल असं म्हणवून घेतलं: कूलर कोणाचे? सरांचे! अंगठ्या कोणाच्या? सरांच्या! माझ्याकडे कूलर नव्हताच, आणि अंगठी लग्नातली एकच, तीही बोटातून निघत नाही म्हणून शिल्लक. पण तोंडाला लगाम कोण घालणार? जळगावच्या सराफ्यातल्या पाटल्यासुद्धा माझ्याच करून टाकल्या.

संध्याकाळी नाना पुन्हा हजर. मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"इतलं बठ्ठं घरमा शे, ते आमना गावले काबर उनात तुम्ही?"

या गावाला का आलो, याचं उत्तर म्हणून मी नुसता गालात हसलो. तेवढं पुरलं.

सकाळी सगळी पोरं हजर, आणि मागच्या भिंतीला टेकून त्यांचे आईबाप. माझ्यावर नजर ठेवायला. पोर एक दिवस चुकवेल, बाप चुकवत नाही. पण बापाला आत बसायचं तर पोराची फी भरलेली हवी, हा नियम मी त्याच सकाळी केला.

त्यांचा संशय निवू नये म्हणून रोज एखादी वस्तू वाढवतो. परवापासून माझ्याकडे घोडे आहेत.