मोडलेल्या हातात नव्या बांगड्या

मैत्रिणींनो, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

आज धुळ्यात माझ्या ओपीडीत एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचं मनगट मोडून टम्म सुजलेलं, आणि त्याच हातात कोऱ्या हिरव्या बांगड्या. नवऱ्याने हात पिरगळला तेव्हा आधीच्या फुटल्या. सासूने तिला आधी कासाराकडे नेलं, मग माझ्याकडे!

प्लास्टरसाठी मी बांगड्या कापायला घेतल्या, तर सासू ओरडली, "फोडू नका बाई! मना पोऱ्या जित्ता शे!"

सून हळूच म्हणाली, "कापा मॅडम. पण मग मला घरात घेतील ना?"

"घेतील गं," मी म्हणाले.

इतकी वर्षं जळगाव-धुळ्याच्या गावागावांत बायकांच्या हक्कांवर बोलणारी मी, मारणाऱ्याच घरात परत घेतील म्हणून तिला धीर देत होते. तुम्ही दुसरं काय सांगितलं असतं?