थोरलीचे स्वच्छ हात

कॉलेजात एके काळी कुजबुज होती, की तळघरातली मुकी पुस्तकं धाकटीवर भाळली आहेत. तिनं हात लावायचा अवकाश, पानं आपोआप सुटत. इतरांनी सुरी घातली तरी ढिम्म. ही कुजबुज चहासोबत वाटणाऱ्यांत मीही होतो. ग्रंथालयाच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात धुवायला लावणं एवढंच माझं काम. करमणूक दुसरी काय असणार?

पण गोष्ट तिच्या बहिणीची, थोरलीची आहे. या दोघींची आई कॉलेजची पुस्तकं बांधायची. थोरली शिकली, दर वर्षी पहिली आली. धाकटी मागच्या खोलीत आईबरोबर खळ शिजवत, पुठ्ठे चिकटवत राहिली. तळघरातली ती पुस्तकं त्यांच्या मावशीनं लिहिलेली. मावशी इथली मोठी विदुषी. एक दिवस निघून गेली, ती गेलीच. घरात तिचा विषय निघाला की आई भांडी आपटायची.

ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं, "शनिवारी जिच्या हातानं पुस्तक उघडेल, तिला तळघराची किल्ली." थोरलीचा जीव त्या किल्लीत अडकला होता. पुस्तकं मात्र उघडत धाकटीला, जिला धड दोन ओळी वाचायचा कंटाळा.

"तू काय करतेस गं त्यांना?"

"काही नाही. हात लावते."

"मग मी काय पाय लावते?"

थोरलीचं जेवण सुटलं. धाकटी हसली तरी हिच्या कपाळाला आठी. शेवटी शुक्रवारी दुपारी तिनं एक पुस्तक पदराखाली लपवून नेलं आणि दाभणानं त्याचा कणा उसवला. कण्याला आतून रद्दी कागद लावतात. इथं रद्दीऐवजी चिठ्ठी निघाली: "ताई, तू लिहिलंस, मी बांधलं, नाव एकटीचं तुझं झालं. आता हे बांधणारीच्या हाताला उघडेल. तुझ्यासारख्या धुतल्या हातांना नाही."

थोरली मागच्या खोलीत गेली. आई खळ ढवळत होती.

"आई, हे अक्षर तुझं?"

"माझंच. किती गिचमिड आहे बघ."

"म्हणून मावशी निघून गेली?"

आईनं पळी थांबवली नाही. "स्वतःचंच लिहिलेलं तिला उघडेना. वर्षभर बसली बिचारी पुस्तकांसमोर. मी रोज चहा नेऊन द्यायचे."

"आणि सांगितलं नाहीस?"

"उद्या सांगू म्हणायचे."

शनिवारी धाकटी नेहमीसारखी मागच्या दारानं, काम टाकून निघाली होती. थोरलीनं तिला वाटेतच गाठलं. "अगं, बाई बघताहेत. पुढच्या दारानं चल, नीट हात धू." धाकटीनं माझ्यासमोर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. थोरली म्हणाली, "मी घरूनच धुऊन आलेय," आणि मूठ मिटून आत गेली. दर वर्षी पहिली येणारी मुलगी ती. मी कशाला मूठ उघडायला लावू?

धाकटीला पुस्तक उघडलं नाही. थोरलीला उघडलं. किल्ली आजही तिच्या कमरेला आहे, आणि धाकटी अजून पुस्तकांवर रुसलेली आहे.

पुस्तकं कधी कुणावर भाळली नव्हती. ज्या हाताला खळ लागलेली असे, त्याला ती उघडत.