बारानंतर बसायचं नाही

माझं झेरॉक्सचं दुकान आणि वेणूताई लांजेवारांचं पोळीभाजी केंद्र यांच्यामध्ये एकच भिंत आहे. बिल्डरने ती बांधताना सिमेंटला इतका हात आखडता घेतला की पलीकडचं बोलणं न ऐकण्याची सोयच नाही. माझ्याकडे नोकर नाही. मीच मालक, मीच नोकर, आणि सरकारने किमान वेतन कितीही वाढवलं तरी माझा पगार कोणी वाढवत नाही. म्हणून त्या विषयावर मी कधी तोंड उघडत नसे. वेणूताईंमुळे उघडतोय.

वेणूताई भंडाऱ्याकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आल्या. नवरा लवकर गेला आणि पदरात लहानगा योगेश राहिला. मग त्या एका केटररकडे पोळ्या लाटू लागल्या. लग्नसराईत तो केटरर संध्याकाळी बायकांना "थोडंच राहिलंय" म्हणून थांबवून घ्यायचा आणि त्या थोड्याचे पैसे कधी द्यायचा नाही. एकदा घरी योगेश तापाने फणफणला होता, तरी केटररने यांना सोडलं नाही. ही हकिगत सांगताना वेणूताईंचा आवाज चढतो आणि इतक्या वर्षांत मागे पडलेली बोली वर येते. "मी तवाच ठरवलं भाऊ, मले मालकीण होऊ द्या, कोणाच्या घामाचा मिनिट फुकट घेणार नाही." पुढे त्या मालकीण झाल्या. शब्दही पाळला. तिथेच सगळं बिनसलं.

केंद्रात तिघी कामाला असत. दोघी येत-जात, बदलत. कांताबाई ओव्हाळ मात्र पहिल्या दिवसापासूनच्या. वेणूताई लाटायच्या, कांताबाई भाजायच्या. गाळा इतका चिंचोळा की दोघी पाठीला पाठ लावून उभ्या. त्यामुळे त्यांच्या सगळ्या गप्पा एकमेकींकडे न बघताच चालायच्या. कांताबाईंचे गुडघे, त्यांची सून, जयंतीच्या मिरवणुकीत नात कशी नाचली, योगेशचं लग्न का जमत नाही, सगळं मला पाठ होतं. सकाळचं काम आटोपलं की दुपारी दोघी तिथेच जमिनीवर बसून जेवायच्या आणि संध्याकाळच्या कामाला लागायच्या. हसायला लागल्या की मला गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावं लागे, किती प्रती म्हणालात?

मग किमान वेतनाचे दर वाढले. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी हसून विषय सोडून दिला. कागदावर नवा आकडा लिहायचा, हातात जुना ठेवायचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. वेणूताईंनी मात्र पहिल्याच महिन्यापासून तिघींना पूर्ण पगार दिला. योगेश हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. रविवारी आला तेव्हा म्हणाला, "आई, इमोशनल होऊ नकोस. मशीन घे, नाहीतर बंद कर."

त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पोळीमागे एक रुपया वाढवला. त्या एका रुपयावरून सोसायट्यांच्या ग्रुपवर जी चर्चा झाली, तेवढी पाणीकपातीवरही झाली नसेल. घरबसल्या कॉफी मागवून तिच्या डिलिव्हरीचे पैसे मुकाट्याने भरणारी माणसं, "वेणूताई, हे जरा अतीच होतंय हं," असं काउंटरवर सांगून जायची. परत यायची नाहीत. पलीकडच्या रस्त्यावर जुन्या पगारात बायका राबवणाऱ्याकडे पोळी स्वस्त होती.

दोन महिन्यांत दोघी बायका कमी झाल्या. मग कांताबाईंचीही संध्याकाळ गेली. सकाळी आठ ते बारा, अर्धा दिवस. तासाचा दर वाढलेला, पण महिन्याचा पगार आधीपेक्षा कमी.

"ताई, मला जुन्याच पगारात दिवसभर ठेवा की. मी कुठं बोलायला जातीये?" कांताबाई म्हणाल्या.

"नाही. ते माझ्याच्यानं होणार नाही."

दोघींचंही बरोबर होतं. मला राग येतो तो त्याचाच. एकीचं चुकलं असतं तर दुसरीची बाजू घेऊन मी मोकळा झालो असतो.

कांताबाईंनी तेही मान्य केलं. पण बारा वाजले तरी त्या उठत नसत. जेवायला थांबत, जेवण झालं की बसून राहत. बोलता बोलता पोळपाट पुढे ओढत आणि संध्याकाळच्या पोळ्या लाटायला घेत. त्यांना वाटे, आपण गप्पा मारतोय. ज्या बाईचा जन्म कामात गेला, तिला रिकाम्या हातांनी बोलता येत नाही, एवढंच होतं ते. वेणूताईंना मात्र तिथे तो केटरर दिसायचा. आणि त्याच्या जागी आपण स्वतः.

सुरुवातीला त्या "राहू द्या" म्हणाल्या. मग पोळपाट उचलून फळीवर ठेवू लागल्या. आणि एके दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला.

"कांताबाई, बारा वाजून गेले. हात धुवा अन् घरी जा."

"बसलीये नुसती. बोलतीये."

"हात चालून राहिले तुमचे. मले फुकटचं काम नको. यापुढं बारानंतर बसायचं नाही."

पोळपाट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. कांताबाई म्हणाल्या, "मी मैत्रिणीकडं बसले होते, ताई. मला वाटलं नव्हतं, मी कामावर हाय."

त्या महिनाअखेर पगार घेऊन गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

आता वेणूताई एकट्याच लाटतात, मागे वळतात, भाजतात, पुन्हा पुढे वळतात. जेवढं एकटीला झेपेल तेवढीच ऑर्डर घेतात. शेजार इतका शांत झालाय की मी दुकानात रेडिओ आणून ठेवला. दुपारी कधी त्या माझ्याकडे येऊन स्टुलावर बसतात. झेरॉक्स काढायची नसते. मी विचारतो, चहा? त्या नको म्हणतात आणि तरी बसतात. मला फार वाईट वाटतं, पण कांताबाईंच्या जागी मी काय पुरा पडणार?

मागच्या आठवड्यात कांताबाई मला बसस्टॉपवर भेटल्या. हिंजवडीत एका कॅन्टीनला लागल्यात, ठेकेदारामार्फत. मी विचारलं, नवा दर मिळतो का? "कागदावर मिळतो," त्या म्हणाल्या. वेळेवर सोडतात का, तर तेही नाही. "पण माणसं हायत. बोलत बोलत दिवस जातो."

हे मी वेणूताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा भेटल्या तर सांगा, या म्हणावं. कामाला नाही. अशाच. हवा तेवढा वेळ बसा म्हणावं, हात चालवले तरी मी काही बोलणार नाही."

हे बोलताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

परवा बसस्टॉपवर मी निरोप दिला. कांताबाईंनी नीट ऐकून घेतला. कंपनीची बस येत होती, तिकडे बघत म्हणाल्या, "बसले होते की तेव्हा. आता आठवड्याला एक सुट्टी मिळते, तीही झोपेत जाते. ताईंना म्हणावं, आता मला वेळ नाही."

बस आली आणि त्या चढून गेल्या.

वेणूताई रोज सकाळी शटर उघडलं की आधी माझ्याकडे डोकावतात. "भेटल्या का हो?"

मी सांगतो, नाही अजून.