व्याह्यांचा ओव्हेर्न

न पाहिलेल्या मुलखावर इतका जीव टाकणारा माणूस आमच्या व्याह्यांसारखा दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या विहिणीची मला आत्ताच दया येते. माणसं गावावर जीव टाकतात, शेतावर टाकतात, कुणी म्हशीवर टाकतात. आमच्या व्याह्यांनी, म्हणजे माझ्या सुनेच्या वडिलांनी, तो फ्रान्समधल्या ओव्हेर्न नावाच्या प्रांतावर टाकला. बरं, तो प्रांत आता शिल्लकही नाही. फ्रेंचांनी राजाला गादीवरून खाली ओढलं त्याच सुमारास सगळे जुने प्रांत मोडून त्यांचे जिल्हे केले, त्यात हाही गेला. मागून त्याच नावाचा एक नवा प्रांत केला होता म्हणे, पण त्याच्या हद्दी व्याह्यांना पसंत नव्हत्या. पुढं तोही शेजारच्या मुलखाला जोडून टाकला. नापसंत प्रांत गेल्याचं तरी दुःख नसावं की नाही? पण ती बातमी आली त्या दिवशी आमच्याकडं श्रीखंड होतं आणि व्याह्यांनी वाटीला हात लावला नाही. मी म्हटलं, "अहो व्याही, जे नाहीच ते कशाला धरून बसता?" तर म्हणाले, "विहीणबाई, तुमचं माहेरचं आडनाव आज कुठल्या कागदावर आहे? म्हणून काय तुम्ही त्या घरच्या नाही?" माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी वाटी झाकून आत ठेवली. काही बोलले असते तरी त्यांनी ऐकलं नसतं.

व्याही मूळचे जुन्नरकडचे. ऐन तरुणपणी कुवेतला आले आणि अहमदीला तेलाच्या ऑफिसात पाइपांचे नकाशे काढायला लागले. तिथं एक फ्रेंच इंजिनियर होता. तो देशी परत गेला तेव्हा त्याच्या बायकोनं नको असलेलं सामान दाराबाहेर ठेवलं, त्यात मुलाचं शाळेतलं भूगोलाचं पुस्तक होतं. व्याह्यांनी ते उघडलं, तर पहिल्याच पानावर काळा, वर सपाट झालेला डोंगर. त्यांना वाटलं, हा तर आपल्याकडचाच! मग शब्दकोश आणून त्यांनी ते पुस्तक ओळीओळीनं लावलं. तेव्हा कळलं की ओव्हेर्नचे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखेच आगीच्या पोटातून आलेले आहेत, आणि तिथं विझलेले ज्वालामुखी एका रांगेत उभे आहेत. तेव्हापासून हा माणूस गेला तो गेलाच. फ्रेंच त्यांना येतं, पण ते दहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकातलं. "नदी उत्तरेकडे वाहते," "गाय डोंगरावर चरते," असली वाक्यं ते तडफेनं बोलतात. फ्रेंचमध्ये भाजीचा भाव विचारायला सांगितलं तर गप्प बसतील.

दर शुक्रवारी ते अहमदीहून आमच्याकडं कुवेत शहरात, बनेद अल-गारला जेवायला यायचे. जेवण म्हणजे निमित्त. मी इडल्या वाढल्या की ते त्या ताटात एका ओळीत मांडायचे, मधली मोठी इडली उचलून सांगायचे, "ह्याच्या माथ्यावर रोमन लोकांनी देऊळ बांधलं होतं," आणि मग ते देऊळ सांबारात बुडवायचे. कुणी विशी या गावाच्या पाण्याचं कौतुक केलं तर त्यांचा आवाज चढायचा. विशी ओव्हेर्नात नाही, शेजारच्या प्रांतात आहे, लोक उगाच आपल्यात घालतात, असं ते अशा रागानं सांगायचे की वाटावं विशीनं ह्यांची बांधाची जमीन दाबली आहे. पण त्यांच्या खऱ्या जिव्हाळ्याचं गाव म्हणजे शोद-एग. तिथं जमिनीतून उकळतं पाणी येतं, आणि जुन्या काळी लोकांनी पाइनची खोडं पोखरून त्यांच्या नळ्या केल्या आणि ते पाणी घराघरांतून फिरवून थंडीत घरं गरम ठेवली. हे सांगताना जन्मभर पाइप काढलेला तो माणूस जेवण थांबवून हातानं नळी दाखवायचा. "विहीणबाई, लाकडी पाइप! ना वेल्डिंग, ना गॅस्केट!" मी म्हणायची, "गळत असतील." ते म्हणायचे, "गळत असतील हो, पण कुणाच्या तरी घरातच गळत असतील ना!"

इतिहासही त्यांचा असाच. रोमचा सेनापती सगळा मुलूख जिंकत आला आणि ओव्हेर्नच्या एका डोंगरी किल्ल्यापाशी तिथल्या तरण्या सरदारानं त्याला मागं रेटलं, ही गोष्ट ते पन्हाळ्याची सांगावी तशी सांगायचे, हातात उलथणं असेल तर उलथण्यासकट. मी विचारलं, "मग पुढं काय झालं त्या सरदाराचं?" तर पाणी पीत म्हणाले, "पुढचं प्रांताबाहेर घडलं. ते माझ्या नकाशात येत नाही." पुढं नातीनं मला सांगितलं की पुढं तो हरला आणि बेड्या घालून त्याला रोमला नेलं. व्याह्यांनी त्याला हद्दीवरच थांबवून जिंकता ठेवला होता. तिकडची माणसं पोटासाठी पॅरिसला जायची, मजले चढून लोकांच्या घरी पाणी भरायची, कोळसा विकायची आणि जन्मभर गावाकडं डोळे लावून बसायची, हे मात्र ते हळू आवाजात सांगायचे. आमच्याकडं जेवायला येणाऱ्या, घर सोडून नोकरीला आलेल्या इस्पितळातल्या नर्सेस तेवढंच लक्ष देऊन ऐकायच्या.

इराकनं कुवेतवर हल्ला केला तेव्हा सगळे कुवेत सोडून मिळेल त्या बसनं जॉर्डनकडं निघाले. माणशी एक पिशवी. व्याह्यांच्या पिशवीत भूगोलाचं पुस्तक आणि गुंडाळलेला एक नकाशा. लढाई मिटल्यावर दोघं परत आले तेही त्याच पिशवीसकट. आमच्या विहीणबाई, म्हणजे व्याह्यांची बायको, आता नाहीत, पण त्या असेपर्यंत हे सांगून हसायच्या आणि चिडायच्याही: "लोकांनी दागिने आणले, ह्यांनी ज्वालामुखी आणले."

तो नकाशा म्हणजे त्यांचं आयुष्यभराचं काम. आख्खा ओव्हेर्न त्यांनी हातानं काढलेला. नद्यांना पाण्याची दिशा दाखवणारे बाण आहेत, डोंगराच्या उंच्या आहेत आणि शोद-एगच्या नळ्यांना व्हॉल्व्हच्या खुणासुद्धा आहेत. खाली उजव्या कोपऱ्यात ऑफिसच्या नकाशावर असतात तशा तीन चौकटी: काढले, तपासले, मंजूर. पहिलीत त्यांची सही. बाकीच्या दोन रिकाम्या. त्यांच्या धंद्यातला रिवाज असा की ज्यानं नकाशा काढला त्यानं तो स्वतः तपासायचा नाही. काढणारा आपल्या चुकांना सरावलेला असतो, त्याला त्या दिसत नाहीत. दुसऱ्या जाणकार माणसानं हातात पिवळी आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचं, बरोबर त्यावर पिवळं, चूक त्यावर लाल, आणि मग सही करायची. त्या सहीवाचून नकाशा बाहेर काढायचा नाही. म्हणून व्याही तो भिंतीवर लावत नसत. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, फ्रेम करून देतो." ते म्हणाले, "न तपासलेला नकाशा लावायचा म्हणजे न शिजलेला भात वाढायचा." आता कुवेतमध्ये ओव्हेर्नचा जाणकार कुठून आणायचा? तिकडं जायचं कित्येकदा ठरलं. कधी मुलीचं लग्न आलं, कधी विहीणबाईंचं दुखणं आलं.

मग त्यांचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण मधोमध नजर मरत चालली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते शेजारच्या फ्रिजकडं बघायला लागले, तेव्हा मला वाटलं माझ्यावर रुसले. डॉक्टरांनी सांगितलं, थांबवता येईल तेवढं थांबवू, गेलेलं परत येणार नाही. नकाशे काढणाऱ्याला ऑफिस तरी कसं ठेवणार? इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली, तिकीट निघालं. सुनेनं सामान भरायला घेतलं. तिनं विचारलं, "बाबा, नकाशा कुठं ठेवू?" तर म्हणाले, "ठेव कुठंही. आता कुणी तपासला तरी लाल खूण मला दिसायची नाही." हे ते रडून बोलले नाहीत. फ्रिजकडं बघत साधं बोलले. पण त्यांनी हे असं बोलावं हे मला आवडलं नाही.

आता माझी गोष्ट. संध्याकाळी मी खाली समुद्रावर बाकावर जाऊन बसते. तिथं माझ्याच वयाची एक गोरी बाई येते. मुलगा इथं नोकरीला, म्हणून ती इथं, माझ्यासारखंच. आठ महिने आम्ही शेजारी बसलो. मी तिला कोथिंबिरीची वडी दिली, तिनं तोंड वाकडं करून खाल्ली. तिनं मला चीज दिलं, मी रुमालात गुंडाळून मांजराला घातलं. मी तिला रशियन समजत होते. व्याह्यांचं तिकीट निघालं त्याच आठवड्यात नात मला बोलवायला आली आणि बाईच्या तोंडचे दोन शब्द ऐकून तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलायला लागली. शाळेत शिकते ती. बोलता बोलता बाईनं एक शब्द उच्चारला आणि मी बाकावरून उठले.

"काय म्हणाली ती?"

"आजी, शी इज फ्रॉम ओव्हेर्न. सो व्हॉट?"

"सो व्हॉट काय! धर तिचा हात. वर चल."

व्याही शुक्रवारीच येत, म्हणून बाईला शुक्रवारी बोलावलं, आणि ती आली. व्याही कोट घालून बसले होते. टेबलावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चार वाट्या, दोन पेन्सिलींना नवी टोकं. त्यांनी आपल्या पुस्तकी फ्रेंचमध्ये स्वागत केलं, तशी बाई इतकी हसली की तिनं डोळे पुसले. नात म्हणाली, "आबा, तुम्ही लहान मुलासारखं बोलता म्हणते. तिला तिचा भाऊ आठवला." मग बाईनं चष्मा लावला आणि नकाशावर वाकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिनं ना पिवळी उचलली, ना लाल. शेवटी नातीला हळूच काहीतरी म्हणाली. नातीला ते सांगवेना.

"सांग गं," मी म्हटलं.

"आजी, ती म्हणते तिला नकाशा कळत नाही. ती कधी तिकडं फिरलीच नाही. शाळा लवकर सुटली. तिला फक्त तिचं गाव माहीत आहे, आणि ते ह्यात नाही."

व्याह्यांचा चेहरा उतरला. नकाशा कळत नाही हे त्यांच्या कानात शिरलंच नाही. गाव नाही हे शिरलं. त्यांनी पुस्तक मागवलं, नातीनं शेवटची गावांची यादी वाचून पाहिली. पुस्तकातच नव्हतं. बाईनं सांगितलं, सहा घरांचं गाव, डोंगराच्या कुशीत, एक झरा, एक दगडी क्रूस. आता एकाही घरात कुणी राहत नाही. व्याही म्हणाले, "बाईंना तसदी दिली. जाणकार माणूस लागतो हो याला."

मग मला राहवलं नाही. "अहो व्याही, सगळा प्रांत तिला कुठून माहीत असणार? मला माझा तालुका तरी कुठं माहीत आहे? तिचं गाव तुम्ही विसरलात ते तिनं दाखवलं. तपासणं म्हणजे आणखी काय असतं? द्या तिला लाल पेन्सिल."

 मग त्यांनी चाचपून लाल पेन्सिल उचलली आणि बाईच्या हातात दिली. मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं, ते तिचा हात बघत राहिले. बाईनं आधी मोठा डोंगर विचारून घेतला, मग त्याच्याखालची नदी, मग बोटानं वर वर जात एका कोऱ्या जागेवर थांबली आणि ठिपका दिला. व्याह्यांनी त्या ठिपक्याभोवती ढगासारखी रेघ काढली. नकाशात बदल झाला की तशी काढतात म्हणे. ती रेघ वेडीवाकडी आली. जन्मात त्यांच्या हातून तशी आली नसेल. बाईनं दुसऱ्या चौकटीत सही केली, आणि व्याह्यांनी तिच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "फक्त एका गावापुरते." खोटं खपवायचं नाही म्हणजे नाही. मग पेन माझ्यापुढं धरलं. "विहीणबाई, मंजुरीची सही तुमची." मी म्हटलं, "मी न पाहिलेल्याला मंजुरी देत नाही." त्यावर ते खूप दिवसांनी मोकळे हसले. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

व्याही जुन्नरला गेले त्याला आता वर्ष होईल. नकाशा तिथं भिंतीवर आहे. त्यांना तो दिसत नाही, पण आल्यागेल्याला बोट लावून सगळं सांगतात, असं त्यांचा पुतण्या म्हणतो. शुक्रवारी त्यांचा फोन येतो. माझी चौकशी दोन शब्दांत, मुलीची चार शब्दांत, आणि मग बाईची. झऱ्याचं पाणी थंड होतं की गरम? क्रूस कुठल्या अंगाला? मी नातीकडून फ्रेंच वाक्य मराठी अक्षरांत कागदावर लिहून घेते, बाकावर वाचून दाखवते, आणि बाई हातवारे करून उत्तर देते. मागच्या शुक्रवारी म्हणाले, "झऱ्यापासून तिचं घर किती पावलांवर, एवढं विचाराल?"

मी विचारलं. बाईनं ऐकलं, थोडा विचार केला आणि उठली. वाकून दोन्ही हातांनी नसलेल्या बादल्या उचलल्या आणि समुद्राच्या कडेनं चालायला लागली. मी मोजत तिच्याबरोबर. व्यायामाला आलेली माणसं बाजूला झाली. इथला किनारा पोळपाटासारखा सपाट आहे, पण ती दम खात, पुढं झुकून चालत होती. एका जागी थांबली, बादल्या खाली ठेवल्या आणि मनगटं झटकली. एकशे बारा.

फोनवर सांगितलं. 

"जाताना, की पाणी घेऊन येताना?"

"येताना. बादल्या भरलेल्या होत्या."

"मग पावलं आखूड पडली असतील." मग म्हणाले, "आणि तुम्ही बरोबर चाललात?"

"मग मोजणार कोण?"

"म्हणजे तुम्ही जाऊन आलात, विहीणबाई."

एरवी मी काहीतरी तोडून बोलले असते. जिभेवर आलंही होतं.

"हो," मी म्हटलं, "आले जाऊन. शेवटी जरा चढ आहे."